घरांतील यंत्रें : जुन्या मोटारीचे चार आधार

मागील दोन लेखांत मोटारीचें इंजिन आणि विजेचें सामान यांचा विचार झाला. त्यांवर वाचकांचीं पत्रें पुष्कळ आलीं. गाडी जोरानें कशी धांवेल आणि पेट्रोल कमी कसें लागेल, हे दोन प्रश्न बहुतेक पत्रांत होते. गाडी थांबेल कशी, हा प्रश्न एकाच पत्रांत होता. तें पत्र साकोलीकडील एका वाचक-भगिनींचें आहे. त्यांच्या सासऱ्यांची १९६८ सालची फियाट गाडी वाड्याच्या पडवींत गेलीं बारा वर्षें उभी आहे. येत्या मार्गशीर्षांत पुतणीचें लग्न नागपुरास व्हावयाचें आहे. धाकट्या दिरांचा बेत असा कीं, गाडीला नवा रंग द्यावा, इंजिन उघडून नीट करावें आणि नवऱ्या मुलीला व घरांतील वडीलधाऱ्यांना तींतूनच नागपुरास न्यावें. थोरले दीर म्हणतात कीं, ती भंगारांत घालावी. “सासूबाई कोणालाच कांहीं बोलत नाहींत, पण रोज संध्याकाळीं गाडीवरची धूळ पुसतात. खर्च करावयाचाच झाला तर आधीं कशावर करावा?” असा या भगिनींचा प्रश्न आहे.

प्रश्न मोठा मार्मिक आहे आणि त्याचें उत्तर गाडीच्या रंगांत किंवा इंजिनांत सांपडणारें नाहीं. तें गाडीच्या तळाशीं आहे. कमानी, स्टिअरिंग, चाकें आणि ब्रेक या चार आधारांवर गाडी चालते आणि आंतल्या माणसांचे प्राणही त्यांवरच अवलंबून असतात. आपल्या पुराणकथांत रथाच्या घोड्यांची स्तुति पुष्कळ येते, पण प्रसंग बिकट झाला कीं गोष्ट चाकापाशींच येऊन ठेपते. कर्णाचें सारें शौर्य रथाचें चाक भूमींत रुतल्यानें व्यर्थ गेलें. युद्धांत दशरथाच्या रथाचा आंख निखळूं लागला तेव्हां कैकेयीनें आपला हात घालून तो सांवरला आणि त्याबद्दल वर मिळविले, अशी लोकप्रसिद्ध कथा आहे. एका आंखाच्या दुरुस्तीची मजुरी रामाला चौदा वर्षें वनवासांत फेडावी लागली, असें विनोदानें म्हणतां येईल!

बेफाम घोडा आणि दुबळा लगाम

युरोपांत १९१० ते १९४० च्या दरम्यान स्पोर्ट्स टूरर या जातीच्या मोटारी फार नांवाजलेल्या होत्या. वर कापडी टप, चार माणसांपुरती हलकी कुडी, मोठें इंजिन, तारेचे आरे असलेलीं उंच चाकें आणि दूरच्या प्रवासाला वेगानें जाण्याची हौस, असें त्यांचें स्वरूप असे. जुन्या मोटारींच्या मिरवणुकींत अशी एखादी गाडी दिसली कीं घरांतील मुलें तिच्या चकाकणाऱ्या बंबाकडे आणि लांबलचक नाकाकडे पाहत राहतात. तिच्या पोटाखालीं डोकावून पाहणारा विरळा.

या जातींतील एक नामांकित गाडी म्हणजे इंग्लंडांतील व्हॉक्सहॉल कंपनीची ‘थर्टी-नाइंटी एट’. लॉरेन्स पोमेरॉय या अभियंत्यानें १९१३ सालीं ती सिद्ध केली आणि १९२७ पर्यंत ती निघत होती. साऱ्या मिळून सहाशेंच्या आसपास गाड्या झाल्या. शर्यतीच्या धांवपट्टीवर, अनावश्यक सामान उतरवून ठेवल्यास, ती ताशीं १०० मैल म्हणजे सुमारें १६० किलोमीटरांचा वेग गांठेल, अशी हमी कंपनी देत असे. इतक्या वेगाला आवरण्यासाठीं काय होतें? पायाचा ब्रेक गिअरपेटीमागच्या फिरत्या दांड्यावर लागे आणि हाताचा ब्रेक मागच्या दोन चाकांवर. पुढच्या चाकांना १९२३ पर्यंत ब्रेकच नव्हता. पुढचीं चाकें एकदम अडविलीं तर गाडी कोलांटी खाईल किंवा घसरून आडवी होईल, अशी भीति त्या काळीं चांगल्या जाणत्या लोकांनाही वाटे. घोडा उत्तम आणि लगाम दुबळा, अशी ही स्थिति होती.

वेग वाढविणें सोपें आणि वेग आवरणें अवघड, हा धडा मोटार बांधणारांना शिकावयास बरीच वर्षें लागलीं. अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीनें १९२१ सालीं चारही चाकांना द्रवाच्या दाबानें लागणारे ब्रेक असलेली गाडी विक्रीस काढली. पुढें १९३० नंतरच्या दशकांत इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठीं याच कंपनीच्या एका प्रचंड सामर्थ्याच्या गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्यानें कुडी चढविली. तिच्या इंजिनाची शक्ति ३२० अश्वशक्ति असल्याचें कंपनी सांगत असे. त्या गाडीच्या रूपाची वर्णनें आजही होतात. पण तेवढ्या शक्तीला लगाम घालणारे चार चाकांचे ब्रेक तिला होते, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. संस्थानिकांच्या गाडींतील ही सोय पुढें मध्यमवर्गीयांच्या गाडीपर्यंत आली. पत्रांतील फियाट ही त्याच परंपरेंतील, लहान शक्तीची आणि संसारी वृत्तीची गाडी होय. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यांत ती तयार होई आणि १९७४ पासून तिचें नांव ‘प्रीमिअर पद्मिनी’ झालें. आतां तिच्या चार आधारांकडे एकेक करून वळूं.

पहिला आधार : कमान

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धांव असते आणि आंखावर थेट साटा बसविलेला असतो. खडा चाकाखालीं आला कीं त्याची बातमी तत्काळ मणक्याला कळते! बग्गीच्या काळीं पोलादी पाटे एकावर एक रचून कमान करण्याची पद्धत आली आणि तीच मोटारींत उतरली. स्पोर्ट्स टूररच्या चारी बाजूंस असे कमानपाटे असत. फियाटमध्यें मागच्या चाकांवर पाटे आहेत. पुढच्या प्रत्येक चाकाला मात्र स्वतंत्र भुजा आणि वेटोळ्याची स्प्रिंग आहे. यामुळें एक चाक खड्ड्यांत गेलें तरी जोडीचें चाक तिरपें होत नाहीं.

पाटा वांकतो आणि पुन्हां मूळ आकारास येतो, हा गुण साध्या लोखंडांत नसतो. कमानीच्या पोलादांत कार्बनाबरोबर सिलिकॉन आणि मँगेनीज यांचा अंश असतो. तें लाल तापवून तेलांत बुडवितात आणि पुन्हां बेतानें तापवून त्याचा ठिसूळपणा काढून टाकतात. भंडारा जिल्ह्यांतील वाचकांना मँगेनीज हें नांव परकें नाहीं. तुमसर तालुक्यांतील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी त्याच धातूच्या आहेत. वरठी येथें मोटारधंद्याला लागणारें मिश्र पोलाद तयार होतें आणि गडेगांवच्या कारखान्यांत जड वाहनांच्या गिअरपेट्या बनतात. ज्या जिल्ह्याच्या मातींतून आणि भट्ट्यांतून मोटारीचे अवयव निघतात, तेथील घरांत मोटारीच्या तळाविषयीं अज्ञान असूं नये.

कमान धक्का झेलते, पण तो गिळून टाकीत नाहीं. दाबलेली कमान सुटली कीं वर उसळते, पुन्हां खालीं येते आणि पाळण्याप्रमाणें झुलत राहते. हें झुलणें थांबविण्यासाठीं शॉक ॲब्सॉर्बर असतो. गॅरेजवाले त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स टूररमध्यें लाकडी किंवा तत्सम चकत्या एकमेकींवर घासून हें काम होई. पुढें नळींतील तेल बारीक छिद्रांतून ढकलण्याची युक्ति आली. उसळीची शक्ति अशा रीतीनें उष्णतेंत विरून जाते. माणूस चालतांना त्याच्या शरीराला जेवढी संथ लय सहज वाटते, साधारण तेवढ्याच लयीनें, म्हणजे मिनिटास ६० ते ९० वेळां, गाडीची कुडी हलली तर प्रवास सुखाचा होतो. स्पोर्ट्स टूररच्या कमानी यापेक्षां ताठ ठेवीत, कारण वळणावर गाडी कलूं नये अशी इच्छा असे. वेगवान गाडींतील म्हातारी माणसें पाठ धरून उतरत, त्याचें कारण हेंच.

परीक्षा घरच्या घरीं करतां येते. गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें दाबून सोडावा. तो एकदां वर येऊन स्थिर झाला तर शॉकअप चांगला; दोन-तीन वेळां झुलला तर निकामी. पाट्यांना भेग आहे कां, मधला बोल्ट सैल आहे कां, आणि गाडी मागून पाहतां एका अंगाला झुकली आहे कां, हेंही पाहावें. बारा वर्षें एकाच जागीं उभ्या असलेल्या गाडीचे पाटे गंजानें एकमेकांस चिकटतात. ते सोडवून, घांसून, ग्रीस लावून पुन्हां बसविणें फार खर्चाचें काम नाहीं.

दुसरा आधार : स्टिअरिंग

दोन चाकांची बैलगाडी बैल वळवितात. चार चाकांच्या बग्गींत पुढचा सबंध आंख मधल्या खिळ्याभोंवतीं फिरतो. वेगानें जाणाऱ्या जड गाडींत ही रीत धोक्याची. म्हणून पुढचा आंख स्थिर ठेवून प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळविण्याची युक्ति म्युनिचच्या लांकेनस्पेर्गर नांवाच्या गाडी बनविणाऱ्यानें काढली आणि रूडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. मोटारीचा जन्म होण्यापूर्वींच मोटारीचें स्टिअरिंग जन्मास आलें होतें! या युक्तींतील मर्म सोपें आहे. देवळाला दोघें जोडीनें प्रदक्षिणा घालूं लागलीं तर बाहेरच्या अंगानें चालणारास अधिक अंतर तोडावें लागतें. तसेंच वळणावर आंतलें चाक लहान वर्तुळावर चालतें आणि बाहेरचें मोठ्या. म्हणून आंतलें चाक अधिक वळावें, बाहेरचें कमी, अशी दांड्यांची मांडणी केलेली असते.

सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरपा असतो, त्यामुळें वेगांत असतां हात सोडले तरी ती सरळ जाते. मोटारींतही पुढच्या चाकांच्या खुंट्यांना, ज्यांना गॅरेजांत ‘किंगपिन’ म्हणतात, असाच तिरपेपणा दिलेला असतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतें तें यामुळें. तें तसें येत नसेल तर कोठें तरी अडकत आहे असें समजावें.

आपल्याकडील तीन जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या निरनिराळ्या तऱ्हा दिसतात. ॲम्बॅसडरमध्यें दांत्यांची पट्टी आणि तींत फिरणारें लहान चक्र असतें. तिच्यायोगें रस्त्याची जाणीव हाताला चटकन होते. फियाटमध्यें मळसूत्राची रचना आहे. ती हाताला हलकी लागते, पण झिजली कीं मधल्या मध्यें ढिलेपणा येतो. मद्रासेस १९६१ पासून निघूं लागलेली स्टँडर्ड हेरल्ड तर इतक्या लहान वर्तुळांत वळे कीं, बोळांत राहणारांना ती वरदान वाटावी.

गाडी उभी असतां, चाकें सरळ ठेवून, स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवावें. चाकें हलूं लागण्यापूर्वीं त्याची कड दोन बोटांपेक्षां अधिक फिरत असेल तर सांधे तपासावेत. मग पुढचें एक चाक जॅकनें उचलून वरून-खालून धरून हलवावें. खडखड झाली तर किंगपिनचे बूश किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहेत. डाव्या-उजव्या अंगांनीं धरून हलवितां खडखडलें तर दांड्यांचे सांधे झिजले आहेत. पोलादी किंगपिनभोंवतीं बूश मऊ धातूचा घालतात. तो स्वतः झिजतो आणि महाग खुंटीला वांचवितो. ज्या भंडाऱ्याची पितळी भांडीं दूरवर प्रसिद्ध, त्या गांवच्या लोकांना मऊ धातूचें हें औदार्य समजावून सांगावयास नको. फक्त त्याला ग्रीस वेळेवर मिळालें पाहिजे. पावसाळ्यापूर्वीं एकदां आणि पावसाळा संपल्यावर एकदां, एवढा नेम तरी पाळावा. येथें एक सूचना आग्रहानें करतों : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. भक्कम घोड्या लावाव्या, आणि जमिनीवरील चाकांना दगडाच्या किंवा लाकडाच्या ओट्या द्याव्या.

तिसरा आधार : चाकें व टायर

स्पोर्ट्स टूररच्या चाकांना सायकलप्रमाणें तारेचे आरे असत आणि मधोमध एकच मोठा नट असे. हातोड्याच्या एका ठोक्यानें तो सुटे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या नटांचे आटे परस्परविरुद्ध असत, म्हणजे चाक फिरतांना तो सैल होऊं नये. अशा चाकाची परीक्षा कानानें करतात. प्रत्येक आऱ्यावर किल्लीनें टिचकी मारावी. सगळे आरे एका सुरांत वाजले तर चाक ठीक, एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे. चाक हलकें ठेवण्यामागें हेतु असा कीं, कमानीच्या खालचें वजन जितकें कमी, तितकें चाक रस्त्याला चिकटून राहतें. फियाटचीं चाकें दाबलेल्या पोलादी पत्र्याचीं आहेत. त्यांना सौंदर्य कमी, पण देखभालही कमी. पत्र्याला गंजाचीं भोकें व नटांच्या छिद्रांभोंवतीं भेगा नाहींत एवढें पाहिलें म्हणजे झालें.

खरी गोम टायरांत आहे. टायराची नक्षी शाबूत दिसली म्हणजे टायर चांगला, अशी समजूत सर्वत्र आहे आणि ती घातक आहे. रबर वापरानें झिजतें, तसेंच न वापरतांही म्हातारें होतें. ऊन, हवा आणि एकाच ठिकाणीं पडणारा भार यांनीं त्याला बारीक भेगा जातात. विदर्भाच्या उन्हाळ्यांत ही क्रिया अधिक जलद होते. २००० सालापासूनच्या टायरांवर, बाजूच्या भिंतीवर, चार अंकांचा एक शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ असा शिक्का असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. दहा वर्षांवरील टायर कितीही सुंदर दिसला तरी प्रवासास घेऊं नये. सहा वर्षांनंतर दरवर्षीं जाणत्याकडून तपासून घ्यावा. साकोलीच्या फियाटचे टायर बारा वर्षें जागेवर आहेत, म्हणून त्यांचा विचारच करावयास नको. ते काढून टाकावे. त्यांच्या आंतील ट्यूबही त्यांच्याबरोबर जाव्यात.

जुन्या गाड्यांचे टायर आडव्या-तिडव्या धाग्यांचे असत. फ्रान्सांतील मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं रेडिअल टायराचें पेटंट घेतलें, आणि आतां तेच सर्वत्र मिळतात. दोन जातींचे टायर एकाच गाडीला मिसळून लावूं नयेत. वळणावर पुढचीं चाकें एक म्हणतात, मागचीं दुसरें. हवा नेहमीं टायर थंड असतां मोजावी. धांवून तापलेल्या टायरांत दाब वाढलेला असतो. तो पाहून हवा काढून टाकणारे शहाणे पुष्कळ भेटतात.

चौथा आधार : ब्रेक

वेग दुप्पट झाला तर थांबावयास लागणारें अंतर चौपट होतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या टायरांनीं, ताशीं ४० किलोमीटरांच्या वेगांतील गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारें ९ मीटरांत थांबते; ८० च्या वेगांत तिला सुमारें ३६ मीटर लागतात. रस्ता ओला असून टायर गुळगुळीत असले तर हे ३६ मीटर ६० च्याही पुढें जातात. शिवाय चालकाचें लक्ष जाऊन पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो, आणि तेवढ्यांत ८० च्या वेगांतील गाडी २२ मीटर पुढें सरकलेली असते. नागपूर-भंडारा-साकोली हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वीं क्रमांक ६ चा होता, आतां ५३ चा आहे. जुनी फियाट ज्या काळांत जन्मली त्या काळच्या अरुंद, संथ रस्त्यासाठीं तिचे ब्रेक बेतलेले होते. आज तिच्या पुढची नवी गाडी क्षणांत थांबते आणि मागून मालमोटारी येत असतात. ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

ब्रेक लागतांना गाडीचें वजन पुढें झुकतें. चालत्या एस्टींत उभें असतां ब्रेक लागला कीं आपण पुढें जातों, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून थांबविण्याचें मोठें काम पुढचीं चाकें करतात आणि पुढच्या ब्रेकांवांचून धांवणारी थर्टी-नाइंटी एट किती धाडसी होती हें आतां ध्यानांत येईल. फियाटच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील द्रव नळ्यांतून चाकांपर्यंत दाब नेतो आणि अर्धगोल शू आंतून ड्रमवर दाबले जातात. पण लांब उतारावर किंवा वारंवार ब्रेक मारल्यानें ड्रम तापून प्रसरण पावतो व शूपासून दूर सरतो, आणि पेडल खोल जाऊं लागतें. साचलेल्या पाण्यांतून गाडी गेली तर ड्रमांत पाणी शिरून ब्रेक कांहीं काळ लागतच नाहीं. अशा वेळीं हळू चालवीत पेडल हलकें दाबून शू कोरडे करावे लागतात. डिस्क ब्रेकांत हे दोष फार कमी. १९५३ च्या ले मान्सच्या शर्यतींत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार गाडी विजयी झाली आणि त्यानंतर हा प्रकार हळूहळू सर्वत्र आला.

जुन्या गाडीचा सर्वांत मोठा धोका मात्र वेगळा आहे. तिच्या चारही चाकांना द्रव पुरविणारी वाट एकच असते. एक नळी फुटली, एका चाकाचें रबरी सील फाटलें, कीं चारही ब्रेक एकदम जातात. आधुनिक गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात. एक गेली तरी दुसरी उरते. ज्याला आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतों तें खनिज तेल नसून हवेंतील ओलावा शोषणारा द्रव आहे. ओलावा मुरला कीं सिलिंडर आंतून गंजतो आणि तापल्यावर द्रवाची वाफ होऊन पेडल पोकळ लागतें. म्हणून दर दोन वर्षांनीं हा द्रव पूर्णपणें बदलावा. त्याच्या जागीं इंजिनचें तेल ओतण्याचा प्रमाद करूं नये. त्यानें सारीं रबरी सीलें फुगून निकामी होतात. डॉट ३ किंवा डॉट ४ शिक्क्याच्या द्रवांत सिलिकॉनचा डॉट ५ मिसळूं नये.

परीक्षा अशी : गाडी उभी असतां पेडल जोरानें दाबून एक मिनिट तसेंच धरावें. तें हळूहळू खालीं जाऊं लागलें तर गळती आहे. दाबावर दाब दिल्यानें तें वर येत असेल तर द्रवांत हवा आहे किंवा शू झिजले आहेत. हँडब्रेक हा निराळ्या तारेनें मागच्या चाकांवर लागतो. मुख्य ब्रेक गेल्यास तोच शेवटचा आधार, म्हणून तो उतारावर धरतो कीं नाहीं हें पाहावें. आणखी एक गोष्ट गृहिणींनीं लक्षांत ठेवावी. जुन्या ब्रेक-लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे व त्याची धूळ फुफ्फुसांना अत्यंत घातक असते. ड्रम उघडतांना ती फुंकून किंवा कोरड्या फडक्यानें झटकूं देऊं नये. ओल्या फडक्यानें पुसून फडकें पिशवींत बांधून टाकावें, आणि मुलांना त्या वेळीं जवळ उभें राहूं देऊं नये.

खर्चाचा क्रम

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. सर्वांआधीं ब्रेक : मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर, रबरी नळ्या, लायनिंग आणि द्रव हें सारें नवें करावें. त्यानंतर टायर आणि ट्यूब. त्यानंतर किंगपिन, सांधे आणि चाकांची संरेषा. मग शॉकअप आणि पाटे. इंजिन त्यामागून, आणि रंग सर्वांत शेवटीं. पैसे संपावयाचे असतील तर ते रंगापाशीं संपावे, ब्रेकपाशीं नव्हे. आधीं रंग देऊन मग तळाचें काम काढणें म्हणजे नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा!

गाडी भंगारांत घालण्यापूर्वीं थोरल्या दिरांनीं एका नियमाचा विचार करावा. मध्यवर्ती सरकारनें २०२१ सालीं ५० वर्षांवरील गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली आहे. अशा गाडीच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये व पुढें नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षें चालते. गाडीचा सांगाडा, कुडी आणि इंजिन मूळचें राखलें पाहिजे, अशी अट आहे. मात्र ही गाडी प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांसाठींच रस्त्यावर आणावयाची असते. नित्याच्या वापरास किंवा धंद्यास ती चालत नाहीं. नेहमींची नोंदणी ठेवावयाची तर तिचें नूतनीकरण, विमा व धुराचें प्रमाणपत्र यांची पूर्तता आधीं झाली पाहिजे. घरच्या वकिलांनीं आणि परिवहन कार्यालयांत विचारपूस करून यांतील मार्ग ठरवावा.

राहतां राहिला धाकट्या दिरांचा बेत. लग्नाची तिथि ही गाडीच्या दुरुस्तीची मुदत होऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. मुहूर्त टळत नाहीं, म्हणून घाई होते. आणि घाईंत केलेलें ब्रेकचें काम हें न केल्यापेक्षां वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो. सुमारें ९०० किलोची ही गाडी पांच माणसांसाठीं आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत “मुलांना मांडीवर घेऊं, थोडें सरकून बसूं” म्हणत तींत आठ-नऊ माणसें भरतात. त्या वेळीं पाटे, टायर आणि ब्रेक तिघांवरही अडीच-तीनशें किलोंचा अधिक भार पडतो, आणि थांबण्याचें अंतर वाढतें. शिवाय १९६८ च्या गाडींत आसनाचे पट्टे नाहींत. साकोलीहून नागपूर सुमारें १०० किलोमीटर. तेवढा प्रवास नवरी मुलीनें व वडीलधाऱ्यांनीं पट्टे असलेल्या आधुनिक गाडींतूनच करावा.

जुनी गाडी मात्र जपावी. तिचे चार आधार सावकाश, एकेक करून, चांगल्या कारागिराकडून नवे करून घ्यावे. कागदपत्रें पुरीं झाल्यावर पहिले शंभर-दीडशें किलोमीटर जवळच्या रिकाम्या रस्त्यावर, सकाळच्या वेळीं, ताशीं ४० च्या आंत चालवावे. मग चाकांचे नट पुन्हां आवळावे आणि नळ्यांच्या जोडांपाशीं ओल आहे कां तें पाहावें. हें सारें मनासारखें झालें म्हणजे पहिली खरी फेरी घरांतील मुलांची किंवा दिरांची न ठेवतां सासूबाईंची ठेवावी. रोज धूळ पुसणाऱ्या हातांचा मान तेवढा आहेच.

पुढील लेखांत पावसाळ्यांतील घरगुती वीज आणि अर्थिंग यांविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. वाचकांनीं आपल्या शंका महिन्याच्या अखेरीपर्यंत पाठवाव्या.